पाठीवरचे तीन पट्टे

माणसाची पाठ त्याच्या स्वतःच्या मालकीची असते हा निव्वळ गैरसमज आहे. ती बायकोची असते, डॉक्टरांची असते, समोरच्या काकूंची असते आणि प्रसंगी इमारतीच्या सेक्रेटरींचीही असते. जो ती जन्मभर वाहतो त्याला ती कधी दिसत नाही. शिवाय तिच्या मधोमध एक जागा अशी असते, की तिथे वरून हात घातला तरी पोचत नाही आणि खालून घातला तरी पोचत नाही. माझी चरबीची गाठ नेमकी त्या जागी निघाली. गाठ साधी होती, काळजीचं काही कारण नव्हतं, आणि सर्जननी ती इतक्या झटपट काढली की त्याहून जास्त वेळ मला तो मागे नाड्या असलेला हिरवा झगा घालायला लागला होता. घरी आलो तेव्हा पाठीवर करंगळीएवढी जखम होती, तिच्यावर टाके होते आणि हातात पांढऱ्या मलमाची ट्यूब होती. रोज जखम धुवायची, मलम लावायचं आणि पुढच्या शुक्रवारी टाके काढायला यायचं, एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

एवढंच केलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्या शुक्रवारनंतर जो रविवार होता, त्या रविवारी माझी बायको गावाला जाणार होती.

ती एका मोठ्या ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात काम करते. फाटलेली पानं जोडणं, सुटलेली बांधणी नव्याने शिवणं, वाळवीने कुरतडलेल्या कागदामागे पातळ कागद लावून त्याला पुन्हा उभं करणं, हे तिचं काम. दुसऱ्या शहरात जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीचं दीड महिन्याचं शिबिर होतं आणि त्यासाठी या वेळी तिची निवड झाली होती. शिबिर करून येणाऱ्यांमधूनच पुढे विभागप्रमुख नेमतात, त्यामुळे ती गेली नाही तर तिच्या हाताखाली शिकलेली कोणीतरी जाणार आणि उद्या तिचीच साहेब होऊन येणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिची बॅग भरायला काढलेली होती. ब्रश सुती कापडात गुंडाळून झाले होते.

"जखम सुकली तर जाते," ती म्हणाली. "नाही सुकली तर कळवून टाकते, जमत नाही म्हणून. तुम्ही काही दुसऱ्या कुणाला पाठीला हात लावू देणार नाही."

"शुक्रवारी जखम सुकलेली असेल," मी म्हणालो. "माझा शब्द आहे."

कातडीच्या वतीने शब्द देणं किती धोक्याचं असतं याचा मला अनुभव नव्हता.

पहिला सल्ला त्याच संध्याकाळी आला. समोरच्या दारातल्या काकू मला बघायला आल्या. काकूंचे यजमान हयात असताना त्यांच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं, आणि तेव्हापासून आमच्या जिन्यावर शस्त्रक्रिया या विषयात काकूंचा शब्द शेवटचा मानला जातो. त्यांनी माझी ट्यूब उचलली, लांब धरली, जवळ धरली आणि परत ठेवली.

"हे लावताय?" त्या म्हणाल्या. "लावा बाई, डॉक्टरांनी दिलंय तर लावायलाच हवं." एवढं म्हणून त्या घरी गेल्या आणि एक चपटी पत्र्याची डबी घेऊन आल्या. आत पिवळंजर्द मलम होतं. वास असा की आमच्या खिडकीतलं कबूतर उडून गेलं. "यांच्या पायाला हेच लावलं होतं. नवव्या दिवशी चपला घालून हिंडत होते."

त्या जातात तोच मेहुणा आला. माझा मेहुणा औषध कंपनीत आहे, दिवसभर डॉक्टरांच्या दाराबाहेर बॅग घेऊन बसतो आणि त्यामुळे डॉक्टरांना काय कळत नाही याची त्याला चांगली माहिती असते. त्याने पांढरी ट्यूब पाहून हळहळ व्यक्त केली, पिवळी डबी पाहून नाक दाबलं आणि स्वतःच्या बॅगेतून एक पारदर्शक जेल काढलं.

"भाऊजी, जग कुठल्या कुठे गेलंय," तो म्हणाला. "जखम ओली ठेवायची असते आता. ओली ठेवली की लवकर सुकते."

"ओली ठेवली की सुकते?" मी विचारलं.

"हो."

मी यावर फार विचार केला नाही. पण दुसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, "लावलं का आमचं?" आणि मेहुण्याचा फोन आला, "लावलं का जेल?" आणि बायको ट्यूब हातात घेऊन म्हणाली, "मी डॉक्टरांचंच लावणार." तीन तोंडं, एक पाठ. कोणाचंही एकाचं लावलं असतं तर उरलेले दोघे मी बरा झाल्यावरही मला आजारीच समजले असते.

इथे माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं. मी रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. आमच्याकडे कोणता रंग चांगला यावर कधीच भांडण होत नाही. एक पत्रा घ्यायचा, त्यावर टेप लावून पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात वेगळा रंग, आणि पत्रा गच्चीवर उन्हापावसात ठेवून द्यायचा. ठरलेल्या दिवशी पत्रा खाली आणायचा. मग विक्री खात्याचे साहेब काही का म्हणेनात, पत्रा काय ते सांगतो. इतकी साधी, इतकी न्यायाची पद्धत जगात सगळीकडे का वापरत नाहीत याचं मला नेहमी वाईट वाटत आलं आहे. आणि त्यात परीक्षकाला कोणता पट्टा कुठला हे माहीत नसावं असा आमचा दंडक आहे. माझी पाठ तर मलाच दिसत नव्हती. यापेक्षा निःपक्षपाती परीक्षक कुठे मिळाला असता?

"जखमेचे तीन भाग करायचे," मी बायकोला सांगितलं. "वर डॉक्टर, मधे तुझा भाऊ, खाली काकू."

"पाठ आहे ती," ती म्हणाली. "पत्रा नाही."

"तत्त्व एकच आहे."

तिने कपाळाला हात लावला. पण तिलाही काकूंना आणि भावाला रोज उत्तरं देण्याचा कंटाळा आला होता, आणि शुक्रवारपर्यंत घरात शांतता हवी होती. पहिल्या दिवशी तिन्ही मलमं अंगाच्या उष्णतेने पातळ होऊन एकमेकांत मिसळली, काकूंचा पिवळा थेट डॉक्टरांच्या हद्दीत चढला. म्हणून मी कारखान्यातून आमचा टेप आणला. आमच्या टेपला तोड नाही. तापलेल्या पत्र्यावर पाऊस पडला तरी त्याची कड सुटत नाही. बायकोने त्याच्या अरुंद पट्ट्या कापून जखमेभोवती चौकट केली, आत दोन आडव्या रेघा घातल्या, आणि तिन्ही खणांत तीन मलमं भरली. बोटाने नाही. ग्रंथालयातला एक नवाकोरा मऊ ब्रश तिने गरम पाण्यात उकळून घेतला होता. फाटक्या पानाला खळ लावतात तसं ती मलम लावायची, मधून बाहेर, एकेक फटकारा. रोज जुना टेप काढायचा, धुवायचं, नवा टेप, नवं मलम. मी उशीवर हनुवटी टेकून पालथा पडलेला असायचो आणि वर्तमानपत्रातलं मागचं पान वाचत असायचो.

आता परीक्षण आलं. रोज संध्याकाळी काकू चष्मा लावून यायच्या आणि मेहुणा कामावरून परस्पर यायचा. मी सदरा वर करून दिवाणखान्यात खुर्चीवर उलटा बसायचो. आयुष्यात माझ्याकडे इतकं टक लावून कोणी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं तेही मागून. काकूंना रोज खालचा पट्टा सगळ्यात सुकलेला दिसायचा. मेहुण्याला मधला. कोणत्या खणात काय आहे हे गुप्त ठेवायचं ठरलं होतं, पण काकूंचं मलम डोळे मिटूनही ओळखू यायचं. दोघांचं वाजलं की चहा माझ्या डोक्यावरून जायचा आणि मला कोणी विचारायचं नाही. एकदा मी म्हणालो, "मला जरा खाजतंय." दोघेही एकदम म्हणाले, "खाजतंय म्हणजे भरतंय." एवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत होतं.

मंगळवारी मेहुण्याला यायला जमत नव्हतं. मी बायकोला पाठीचा फोटो काढायला लावला, अगदी जवळून, आणि त्याला पाठवला. खाली लिहिलं: "खालचा पट्टा पिवळा पडलाय. मधल्या भेगेच्या कडा लाल दिसतात. बघून सांग, काय करायचं." मग मी निवांत जेवायला बसलो. तो फोटो मेहुण्याला गेलाच नव्हता. तो गेला होता इमारतीच्या ग्रुपवर, आमच्या सर्व शेजाऱ्यांना.

माझी पाठ गोरी नाही, पण तिचा रंग आमच्या इमारतीच्या भिंतींशी इतका जुळत असेल याची मला कल्पना नव्हती. पहिला निरोप खालच्या मजल्यावरून होता: "वरच्यांच्या बाथरूममधून पाझरतंय." दुसरा: "आमच्याकडे असंच सुरू झालं होतं. पूर्ण खरवडून काढावं लागेल." तिसऱ्याने सिमेंटचं प्रमाण दिलं होतं. चौथ्या गृहस्थांनी लिहिलं होतं की दुर्लक्ष केलं तर आख्खी बाजू खाली येते. माझं जेवण संपायच्या आत बेल वाजली. दारात सेक्रेटरी उभे होते आणि त्यांच्यामागे हातोडा घेतलेला प्लंबर.

"ओल कुठल्या भिंतीला आहे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"ओल नाही," मी म्हणालो.

"साहेब, फोटोत सरळ सरळ दिसतेय."

मी सांगितलं, ती माझी पाठ आहे. सेक्रेटरींनी मान डोलावली, पण विश्वास ठेवल्यासारखी नाही. शेवटी मला दारातच सदरा वर करून दाखवावं लागलं. प्लंबर बराच वेळ बघत होता. मग तो म्हणाला, "टेप चांगला लावलाय."

तेवढ्याने भागलं नाही. सेक्रेटरींचं म्हणणं असं, की तक्रार ग्रुपवर आली म्हणजे नोंद झाली, आणि नोंद झालेली तक्रार तोंडी मागे घेता येत नाही. ओल नसल्याचं लेखी लागेल, कारणासहित. मी त्यांना समजावून बघितलं, आवाज चढवून बघितला, आणि अखेर हात टेकले. तेव्हा, "सदर छायाचित्र भिंतीचे नसून अर्जदाराच्या पाठीचे आहे" असा एक अर्ज माझ्या सहीने त्यांच्या फायलीत आहे. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाने मला पाठीमागून पाहून घेतलं.

बुधवारी बायकोने टेप काढला आणि मलम न लावताच ब्रश खाली ठेवला.

"काय झालं?"

"लाल झालंय. पुरळ उठलंय. चहूबाजूंनी."

काकूंना बोलावलं. काकू म्हणाल्या, त्या ओल्या जेलने घात केला. मेहुणा आला. तो म्हणाला, त्या डबीवर तारीखसुद्धा नाही आणि भाऊजी ते अंगाला फासून घेतायत. काकू म्हणाल्या, माझ्या यजमानांच्या वेळी तू शाळेत होतास. मेहुणा म्हणाला, तेव्हाचंच आहे ना ते मलम. दोघेही माझ्या पाठीवरून भांडत होते आणि मी खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून समोरची भिंत बघत होतो. भांडणात कोणाच्या लक्षात आलं नाही, पण बायको आतल्या खोलीत गेली होती. थोड्या वेळाने मी गेलो. ती बॅगेतून कापडाची गुंडाळी काढून ब्रश कपाटात परत ठेवत होती, एकेक.

मला फार वाईट वाटलं. उगाच शहाणपणा करून मी तिचं जाणं घालवलं असं मला वाटलं, आणि तसं मी तिला म्हणालोसुद्धा.

"कळवलंस का?" मी विचारलं.

"परवा डॉक्टर काय म्हणतात ते बघू. मग कळवते." ती कपाट लावून घेत म्हणाली. "पुढच्या वर्षी जाईन."

पुढच्या वर्षी हे शिबिर असेल की नाही हे कोणालाही माहीत नव्हतं.

शुक्रवारी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "काय दाखवायचंय?" मी म्हणालो, "टाके काढायचेत, आणि पुरळही दाखवायचंय."

"एकच सांगा. टाके सर्जरीत, पुरळ त्वचा विभागात."

"एकाच जागी आहे हो दोन्ही."

"तुमच्याकडे एका जागी असेल. आमच्याकडे वेगळ्या मजल्यावर आहे."

मी टाके निवडले. सर्जननी मला पालथं झोपवलं, दिवा जवळ ओढला आणि वाकून पाठीकडे पाहिलं. बायको भिंतीला टेकून उभी होती.

"हे काय आहे?" सर्जननी विचारलं.

मी पालथ्या अवस्थेत शक्य तितक्या सन्मानाने सगळी पद्धत सांगितली. तीन मलमं, तीन खण, टेप.

"कसला टेप?"

"आमच्या कारखान्यातला. रंगाचा."

ते चिमट्याने टाके काढू लागले. एकेक टाका ताटलीत पडल्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "पुरळ सरळ रेषेत उठत नाही सहसा. तुमचं चौकोनी आहे. चौकोन आणि आत दोन रेघा. अहो, जखमेला काहीही झालेलं नाही. ती छान भरलीय. त्या टेपच्या गोंदाने कातडी भडकलीय. टेप बंद करा, जखम धुवा, साधी पेट्रोलियम जेली लावा, झाकून ठेवा. पुरळ दोनतीन दिवसांत जाईल."

"पण डॉक्टर," मला राहवेना, "तिन्हींत चांगला पट्टा कुठला?"

त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं. "कुठले पट्टे? मला एकच जखम दिसतेय. सगळी सारखीच भरलीय."

"मग ती ट्यूब कशाला दिली होती तुम्ही?"

"काहीच दिलं नाही तर पेशंट समोरच्या बाईंचं काहीतरी लावतात," सर्जन म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी सदऱ्याची बटणं लावत बाहेर आलो तो अगदी तरंगत. शब्द पाळला होता. माझी कातडी वेळेवर आली होती. "चल," मी म्हणालो, "घरी जाऊन बॅग भर. परवाची गाडी आहे."

बायको पुढे चालत होती. ती वऱ्हांड्यातल्या बाकावर बसली आणि उठेना. आजूबाजूला लोक नंबरची वाट बघत होते. मला वाटलं होतं ती हसेल. तिचा चेहरा पडला होता.

"काय गं?"

"काही नाही." मग म्हणाली, "मला बरंच वाटलं होतं हो, बुधवारी. पुरळ बघून. वाटलं, सुटले."

मी तिच्याशेजारी बसलो, पाठ न टेकता.

"तिथे सगळ्या माझ्या निम्म्या वयाच्या असणार," ती म्हणाली. "नवीन यंत्रं, नवीन रसायनं. मी आपली घरच्यासारखी खळ लावत आले इतकी वर्षं. आणि माझा हात हल्ली थरथरतो. तुम्हाला माहीत नाही. सुई ओवताना थरथरतो. शंभर वर्षांचं पान समोर ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत हात हलला, तर?"

मला खरंच माहीत नव्हतं. इतके दिवस सगळे माझ्या पाठीकडे बघत होते आणि मी भिंतीकडे. तिच्या हाताकडे कोणीच बघितलं नव्हतं. पण एक गोष्ट घरात फक्त मला माहीत होती, आणि ती माहीत असायला डोळे लागत नव्हते.

"ऐक," मी म्हणालो. "ताजी जखम होती. टाके होते. त्यावरून तू रोज ब्रश फिरवलास, तीन खणांत, करंगळीएवढ्या जागेत. मला एकदाही कळलं नाही तू कधी सुरुवात केलीस आणि कधी संपवलंस. मी पेपर वाचत होतो. थरथरला असता तर मी किती बोंब मारली असती, तुला ठाऊक आहे."

"ते आहे," ती म्हणाली.

"हात कसा आहे ते निर्जीव पुस्तकाला काय कळणार. मला विचार."

ती हसली नाही, पण उठली. रस्ता ओलांडताना तिने विचारलं, "खरंच नाही कळलं?" आणि मी म्हणालो, "खरंच नाही." घरी पोचेपर्यंत तिने हेच आणखी दोनदा विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं.

काकूंना आणि मेहुण्याला निकाल सांगितला. तिन्ही पट्टे सारखेच भरले हे ऐकून काकू म्हणाल्या, "म्हणजे आमच्या मलमाने काही वाईट झालं नाही," आणि मेहुणा म्हणाला, "म्हणजे जेल डॉक्टरांच्या ट्यूबइतकंच चांगलं आहे." दोघेही जिंकल्याच्या आनंदात होते. दोषी ठरला तो फक्त माझा टेप. कारखान्यात मी हे कोणाला सांगितलेलं नाही.

रविवारी मी तिला बसथांब्यावर सोडायला गेलो. जेली कोण लावणार हा प्रश्न होताच. काकू लावणार होत्या, एक दिवसाआड मेहुणा, आणि ही व्यवस्था माझ्याशी न बोलता ठरली होती. बस लागली. बॅग वर गेली. ती पायरीवर एक पाय ठेवून थांबली, खाली उतरली, आणि मला म्हणाली, "वळा."

"इथे?"

"वळा म्हणते ना."

रांगेत माणसं होती. कंडक्टर बघत होता. मी वळलो. तिने सदरा वर केला, पट्टीची कड उचलून बघितली, परत दाबून बसवली आणि पट्टीवर तळहात टेकला. तो तिथे थोडा वेळ राहिला. थरथरत होता, हे मला आता स्पष्ट कळलं. मी पाठ ताठ ठेवून उभा राहिलो. मग सदरा खाली आला, आणि मी वळेपर्यंत ती आत जाऊन खिडकीशी बसली होती.

बस गेल्यावर शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी घसा साफ केला. "मघाशी बघितलं मी," ते म्हणाले. "ऑपरेशनची दिसतेय जखम. काय लावता?"

"साधी जेली."

"च्च. मी सांगू का काय लावायचं?"

"सांगा," मी म्हणालो. आणि बाकावर त्यांना जागा करून दिली. घरी जायची मला तशी काही घाई नव्हती.